कापडाचा कावळा

निर्मळला आमच्या वाडीत मी चिमण्यांसाठी दाण्यांचं भांडं टांगलं होतं. कावळे त्यांना टिकू देईनात, म्हणून जुन्या छत्रीच्या कापडाचा मेलेला कावळा करून शेजारी उलटा लटकवला. कावळे गेले ते गेलेच.

"बाबू, काढ रे ते," आई म्हणाली होती. "उद्या माझ्या पिंडाला कोण येईल?"

मी हसलो होतो.

आई गेली. दहाव्याला तळ्यावर पिंड ठेवून मी दुपारपर्यंत हात जोडून उभा होतो. "आई, चुकलो गं." एकही कावळा फिरकला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

घरी येऊन मी आधी तो लटकवलेला कावळा काढायला गेलो.

त्याच्या कापडी चोचीला ओली शितं चिकटली होती, आणि त्यांत काळे तीळ होते.