मास्तरांचा मजकूर

एकोणीसशे एकाहत्तर सालच्या एका सोमवारी रंगाच्या कारखान्याचा गठ्ठा टायपिंगला आला, आणि त्यातल्या चौथ्या पत्रात धाकटीला स्वतःचंच नाव दिसलं.

मास्तरांच्या टायपिंगच्या ऑफिसात दोघी होत्या, थोरली आणि धाकटी. धाकटी बत्तीस वर्षांची होती, पण दुसरी तिच्या आधीची, म्हणून ही धाकटी. कारखान्याचे साहेब हाताने कच्ची पत्रं लिहून पाठवत, धाकटी ती टाइप करून सहीसाठी परत धाडी. आता कारखान्याने स्वतःची टायपिस्ट ठेवायचं ठरवलं होतं आणि धाकटीने गुपचूप अर्ज केला होता. नोकरीबरोबर राहायला दोन खोल्या होत्या. भावाच्या घरी ती अकरा वर्षं स्वयंपाकघराच्या दारात अंथरूण घालत होती. कुणीही पाणी प्यायला उठलं, की हिने पाय आखडून घ्यायचे.

अर्जाखाली तिने लिहिलं होतं, 'ही बाब कृपया गुप्त ठेवावी.' आणि साहेबांचं हे कच्चं पत्र खुद्द मास्तरांच्या नावाने होतं. आपल्या टायपिस्टने आमच्याकडे अर्ज केला आहे, आपले जुने संबंध, तेव्हा तिच्याविषयी काय ते कळवावे, त्यावाचून आम्ही पुढे जाणार नाही.

"कपाळ माझं!" धाकटी म्हणाली.

थोरलीने वाकून वाचलं. "टाक फाडून."

"आणि उद्या विचारतील, नऊ दिली होती, आठच कशी आली, तर? तू सांगणार?"

तिने ते टाइप केलं. एक वेलांटी चुकली नाही. साहेबांची सही होऊन गुरुवारी ते मास्तरांच्या टेबलावर येऊन पडलं.

"वही घे," मास्तर म्हणाले. राग आला की ते उभ्यानेच मजकूर सांगत. "उत्तर द्यायचंय. कशाचं ते तुला ठाऊक आहेच."

"माझ्याबद्दलचं मीच लिहू?"

"मग कोण लिहिणार? थोरलीला माझं बोलणं झेपत नाही."

ते खरं होतं. 'त्या गाढवाला सांग, कागद वेळेवर पाठवत जा,' असं मास्तर म्हणत, आणि धाकटी लिही, 'कागद थोडे आधी मिळाल्यास आमची मोठी सोय होईल.' मास्तर न वाचता सही ठोकत. मास्तरांसारखं गोड पत्र कुणाचं नाही, असं सगळी गिऱ्हाइकं म्हणत. मास्तरांनाही ते पटलेलं होतं.

"लिही. तुम्हाला लाज कशी वाटत नाही? आधी माझं माणूस नेणार, मग माझं कामही नेणार, आणि वर मलाच विचारणार! ही आली तेव्हा हिला मशीनमध्ये कागद सरळ घालता येत नव्हता. मी शिकवलं. कृतघ्न आहे. आतल्या गाठीची आहे. न्या, खुशाल न्या, आणि बसा डोक्याला हात लावून! झालं?"

"झालं."

"आता जरा नीट कर."

धाकटी मशीनपाशी बसली. बोटं आपोआप चालू झाली. 'आपले पत्र पावले. सदर टायपिस्टविषयी कळविण्यात येते की...' इथे ती थांबली. ह्यांच्या शिव्या आपण गोड करायच्या, आणि आपल्याला दिलेल्या शिव्याही आपणच गोड करायच्या? तिने कागद खस्सकन ओढून काढला. दुसरा घातला आणि वहीत होतं तसंच्या तसं उतरवलं, 'लाज'पासून 'डोक्याला हात'पर्यंत. खोल्या गेल्या तर गेल्या.

मास्तरांनी सही ठोकली.

शनिवारी फोन आला. साहेबांचा आवाज असा खणखणीत की थोरलीलाही ऐकू येत होता.

"मास्तर, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, पत्र मिळालं. हे कुणाकडून लिहून घेतलंत?"

"कुणाकडून म्हणजे? शब्दन् शब्द माझा आहे!"

मग साहेब म्हणाले, "असं होय. मग इतकी वर्षं येत होती ती कुणाची?"

धाकटीला एक तारखेपासून पाठवा, असंही साहेबांनी सांगितलं. मास्तरांनी फोन ठेवला. जुन्या पत्रांच्या प्रती मागवल्या. संध्याकाळपर्यंत ते एकेक कागद डोळ्यांजवळ धरून वाचत राहिले. दोघींपैकी कुणी घरी जायचं नाव काढलं नाही.

"यातलं एक तरी वाक्य मी बोललो होतो का गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अर्थ तुमचाच होता, मास्तर."

त्यांनी कागद टेबलावर आपटून सरळ केले. "एक तारखेला जा. आणि तिथे तरी नीट काम कर."

धाकटी एक तारखेला रुजू झाली आणि सव्वीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाली. साहेब स्वतःच इतकं गोड लिहीत की तिला बदलायला काही उरलं नाही. ते पुढे बढती मिळून दुसऱ्या गावी गेले. थोरली मास्तर सांगतील ते जसंच्या तसं टाइप करू लागली. दोन वर्षांत गिऱ्हाइकं तुटली, ऑफिस बंद झालं आणि ती एका शाळेत कारकून म्हणून लागली. भावाने स्वयंपाकघराच्या दाराशी कपाट उभं केलं.

मास्तर एकदाच धाकटीकडे आले. फार थकले होते. बाहेरच्या खोलीत बसून चहा घेताना त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"एकटीला दोन खोल्या कशाला लागतात गं?"

"दुसरीत कुणी नाही ना," धाकटी म्हणाली, "ते मधूनमधून बघून येते, आणि पाय लांब करून झोपते."