सातवी एलईडी

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी या ओपल रत्नांच्या खाणींच्या गावात घरं डोंगराच्या पोटात. भर दुपारीही आत काळोख, म्हणून रादोमिर बॅटरीची नवी एलईडी घरातच पारखायचा. उजेडाची छटा जरा चुकली, की खाणीच्या भिंतीतला ओपल साध्या दगडासारखा दिसतो आणि मातीबरोबर फेकला जातो. त्याची पारख साधी होती. उजेड आपल्या तळहातावर टाकायचा. तळहात गुलाबी दिसला, तर एलईडी चांगली.

महिन्याभरात सहा झाल्या. सहाही वेळा तळहात पिवळट.

"आणि ही सगळ्यांत महागडी! म्हणे शंभरातले अठ्ठ्याण्णव रंग खरे दाखवते. लबाड लेकाचे!" त्याने सातवी एलईडी बसवलेली बॅटरी टेबलावर आपटली. "असल्या उजेडात मी ओपल ओळखू कसा?"

"टेबल फोडलंस तर जेवशील कशावर?" त्याची बायको देसांका म्हणाली. "सूप निवतंय."

"भूक कोणाला आहे? पंधरा दिवस तेच सांगतोय ना तुला!"

देसांकाने बॅटरी उचलली, त्याचा हात ओढून घेतला आणि उजेड टाकला.

"बघ, पिवळाच!" तो तणतणला. "आता आठवी मागवतो, दुसरीकडून."

तिने त्याच उजेडात, त्याच्या तळहाताला लागून, आपला तळहात धरला. तिचा गुलाबी होता.

"रादे," ती हळूच म्हणाली, "बूट घाल. दवाखान्यात जायचंय."