अजून एक खेप

"दूधही आमचं अन् धूळही आमच्याच वड्यायवर," शकुंतलाबाई पुटपुटली. तळ्याच्या पाळीवर वाळत घातलेल्या लाखोरीच्या डाळीच्या वड्यांवरून तिने पदर झटकला. "धावाचं तं धाव ना बापा. पाय घासत काऊन जाते?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. शेजारीच घाटावर रुख्मा होती, धावणाऱ्याची बायको.

रुख्माने ऐकलं नाही असं केलं आणि पितळेचा गुंड पाण्यात धरला.

वर पाळीवर दुधराम धावत होता. घाटाजवळच्या सावरीच्या झाडापासून सांडव्यापर्यंत जीव तोडून, मग परत, मग पुन्हा. त्याच्या थोरल्या भावाने, केशोरावने, ही रीत पलटणीत पाहिली होती. लढाईवरून येताना त्याने एक निकामी गुडघा आणि ही विद्या, एवढंच आणलं. गावाने तिला आपलं नाव दिलं : खेप. बैलगाडीची असते तशी. मागच्या साली नागपूरच्या शर्यतीत दुधराम दुसरा आला, छातीभर मागे. तेव्हापासून खेपा वाढत गेल्या आणि परततानाची सावकाश चाल आटत गेली. आता परतायचं तेही दुडक्या चालीने.

यंदाची शर्यत पंधरवड्यावर होती. त्याला सौंदडला आगगाडीत बसवायला सगळा गाव जाणार होता, डफडंही ठरलं होतं. ज्याच्या घरी म्हैस, त्याच्या घरून दुधरामला दुधाचा लोटा येई. नावच तसं, म्हणून द्यायला गंमतही वाटे. दुधराम प्रत्येक लोटा आणणाऱ्याच्या देखत दारात उभ्याने पिई. मग गोठ्यामागे जाऊन ओकून टाकी. हे रुख्माला माहीत होतं, आणि वासराला.

दिवाळीच्या सुमारास गुंड बुडबुडत भरून गप होई, तोवर दुधराम सांडव्याला हात लावून वळलेला असे. हल्ली गुंड गप झाला तरी तो अर्ध्या वाटेवरच्या सिंदीच्या झाडापाशीच. म्हणून रुख्मा आता गुंडाचं तोंड तिरपं धरायची. पाणी हळूहळू आत जाई. तेवढाच धीर.

गावाचंही तसंच चाललं होतं. "थंडी पडून राहिली नं, पाय मोकळे नाई होत." "वारा समोरचा हाय." "बकारामची म्हैस आटली, दुधात दम नाई." रोज एक नवं कारण कोणीतरी घेऊन यायचं, लोट्यासारखंच.

दुधराम सावरीपाशी परतला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

"दम! दम लगा, दम!" केशोरावने काठी आपटली. एरवी तो गावासारखाच बोले, पण धावण्याच्या बाबतीत त्याची हिंदी सुटायची.

दुधराम मटकन खाली बसला.

"काऊन बसला गा?"

"तुम्हीच म्हटलं नं दादा, दम घे म्हणून."

"घे कोण म्हटलं? लगा म्हटलं, लगा!"

"माले दमच तेवढा ऐकू आला."

घाटावरच्या बाया हसल्या. दुधरामही हसला, आणि हसता हसता खोकू लागला. खोकला थांबेना, तशा बाया कपड्यांकडे वळल्या. केशोरावने काठी खाली ठेवली. भावाच्या बगलेत हात घालून त्याला उठवलं, पाठीवरची माती झाडली, अगदी हलक्या हाताने.

"अजून एक खेप," तो म्हणाला. "मंग घे दम, तुले पाहिजे तेवढा. नागपूरहून आल्यावर."

दुधरामने पाळीकडे पाहिलं. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला खोल उतार आणि खाली कापणी झालेल्या भाताच्या बांध्या. पाळ एका गाडीपुरती रुंद, उतरायची वाट फक्त दोन टोकांना. या टोकाला भाऊ. त्या टोकाला सांडव्यावर उन्हाला बसलेले म्हातारे, आत्तापासूनच हात वर करून बोलावणारे.

तो निघाला.

भासऱ्याशी, थोरल्या दिराशी, बोलायचं नसतं. लग्न होऊन या घरी आली तेव्हापासून रुख्मा केशोरावशी एक शब्द बोलली नव्हती. सांगायचंच झालं तर ती वासराला सांगायची, "वासरा, जेवण थंड होऊन राहिलं." मग केशोराव वासराला म्हणायचा, "येतो म्हणावं." संसार चालला होता.

इथे वासरू नव्हतं.

"गुंडा," ती मोठ्याने म्हणाली, "आज सरळ भर."

केशोरावची मान किंचित वळली आणि पुन्हा पाळीकडे गेली. गुंड बुडबुडला, भरला, गप झाला. दुधराम सिंदीच्याही अलीकडे होता. त्याची मान एका खांद्यावर पडली होती आणि पाय घासल्याचा आवाज घाटापर्यंत येत होता.

"वारा हाय वो," शकुंतलाबाई घाईने म्हणाली.

सिंदीचं पान हलत नव्हतं. केशोरावने काठी उचलली.

रुख्मा गुंड तसाच पाण्यात सोडून घाटाच्या पायऱ्या चढली. वड्या ओलांडून केशोरावच्या समोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर जागच्या जागी होता, तोंड मात्र सरळ त्याच्याकडे. कपड्यांची आपटणी थांबली. बाया हातात ओले पिळे धरून बघत राहिल्या. त्याला हाक काय मारावी ते तिला कळेना, कधी मारलीच नव्हती. म्हणून तिने हाक न मारताच सांगितलं.

"तुम्ही जेवढं धाववता, तेवढे ते हळू होऊन राहिले."