नऊ नंबरची दोन मतं

घरी आईला पेलाभर पाणी विचारायचं सुचत नाही, आणि बाहेर दिसेल त्याच्यापुढे कमरेत वाकतोय! म्हातारीला लेकाचं हे सोंग सकाळपासून बघवत नव्हतं. तीस वर्षं फौजदार म्हणून मिरवला. ह्याची जीप वळली की गल्ली चिडीचूप व्हायची. आता निवडणुकीला उभा राहिला, तर गॅरेजवाल्याच्या कुत्र्यालासुद्धा हात जोडून झाले.

"तू नुसती सोबत चल, आई. लोकांना बरं वाटतं," असं म्हणाला होता. म्हणून ती पाय ओढत मागून चालली होती.

आठ नंबरचं घर झालं. नऊला शिंपीणबाई. दार नुसतं लोटलेलं, आत शिलाई मशीनची खडखड. अकरा वर्षांपूर्वी ह्यानंच तिच्या कर्त्या मुलाला चौकशीला नेलं होतं, तासाभरात सोडतो म्हणून. संध्याकाळी कागद झाला: चौकीतून पळाला. तेव्हापासून बाईनं दाराला कडी घातलेली नाही. कधी परत येईल, काय नेम.

म्हातारीनं त्या दिवशी जेवताना एकदाच विचारलं होतं. "पळाला गं," म्हणाला आणि ताट पुढे सरकवलं. तिनं वाढलं.

लेक नऊ नंबरवरून तसाच पुढे निघाला.

"साहेब, हे राहिलं की," मतदारयादी धरलेला सोबतचा कार्यकर्ता म्हणाला. "दोन मतं आहेत. आई आणि मुलगा."

"एकच धर. तो काही आता येत नाही," लेक घाम पुसत म्हणाला. उन्हानं आणि बोलून बोलून तो पार गळून गेला होता. दहाव्या दारापुढे त्याचे हात आपोआप जोडले गेले.

म्हातारी जागच्या जागी उभी राहिली. आतली खडखडही थांबली.

"चल ना, आई."

"पळाला म्हणून लिहिलंस ना तू? मग मत एक कसं रे झालं?"

तो वळला. हात अजून जोडलेलेच होते.

"मला काही सांगू नकोस," ती म्हणाली. "तेव्हा तुला वाढलं, ते माझं चुकलं. आता आत जा. आजपासून कडी लावून झोप म्हणावं, हे तिला तूच सांगून ये."