दुसरा डाग

बहात्तरच्या दुष्काळात कवठे महांकाळच्या माळावर चारा उरला नाही, तेव्हा धुळा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरला. वाटेत त्याच्या आठ वर्षांच्या भामीचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि अंगात ताप भरला. कोकराचा सांधा सुजला की डागायचं, हे बापजाद्यांपासून चालत आलेलं. धुळानं विळा तापवून लाल केला, पोरीचा गुडघा डागला आणि म्हणाला, "दुखायचं थांबलं न्हाई, तर उद्या आजून एक डाग देऊ." त्या दिवसापासनं भामी कण्हायची थांबली. उतार पडला म्हणून त्यानं बिरोबाच्या नावानं नारळ फोडला. नवव्या दिवशी ती उभीच राहीना, तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन त्यानं सांगलीचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सुईनं वाटीभर पू काढला. "जंतू शिरले की शरीर हाका मारून पांढऱ्या पेशी बोलावतं," ते म्हणाले. "त्या इतक्या धावून आल्या, की जंतूंबरोबर त्यांनी सांधाही खाल्ला. आता हा गुडघा वाकायचा नाही." धुळाला कळलं. मागं मेंढरांच्या वाड्यात लांडगा शिरला होता. त्यानं एकच कोकरू नेलं. भेदरून एकमेकांवर पडलेली अकरा चेंगरून मेली होती. "हिला मरणाच्या कळा आल्या असतील," डॉक्टर म्हणाले, "नऊ दिवस बोलली कशी नाही?" गुडघ्यावरनं फिरवायला धुळानं हात नुसता पुढं केला, तोच भामीनं दोन्ही पंजांनी गुडघा झाकला. "न्हाई दुखत, आबा," ती घाईघाईनं म्हणाली, "अजाबात न्हाई दुखत."