कॅमेऱ्यात बघ

सिनेमा निम्मा होतो न होतो तोच हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला आणि कीवच्या त्या थिएटरातले झाडून सगळे प्रेक्षक मुकाट्याने तळघराकडे निघाले. युद्ध चालू असताना माहितीपटांचा महोत्सव भरवायचा म्हणजे हे आलंच.

"मॉस्कोवाल्यांकडून शिका," जिन्यावर एक म्हातारा म्हणाला. "ऐन रंगात आलं की बरोब्बर कापतात. आपल्या एडिटरांना कुठली एवढी अक्कल!"

लोक हसले. यारिनाही हसली. सिनेमाची एडिटर तीच होती.

तळघरात तिच्या बाकावर एक बाई येऊन टेकली. अंगात भरतकामाचा ठेवणीतला सदरा, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले कोबी भरलेले पाव. त्यातला एक तिने यारिनाच्या हातात ठेवला.

"तूच ना गं पोरी, मघाशी स्टेजवर होतीस? मी रायसा पेत्रिव्ना. ओस्तापची आई. पोल्तावाहून आले."

पाव हातातच राहिला. ओस्ताप म्हणजे जखमींची गाडी चालवणारा. गेल्या हिवाळ्यात गेला. ज्यांचं ज्यांचं शूटिंग झालं होतं त्या सगळ्यांच्या घरी दिग्दर्शकाने आमंत्रणं धाडली होती. त्यातलं सिनेमात शेवटी कोण उरलंय, हे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"बरं झालं आत्ताच वाजलं," रायसा पेत्रिव्ना म्हणाली. "त्याचं अजून यायचंय. तो दिसत असताना तोडलं असतं म्हणजे जिवाला चुटपूट."

"रायसा पेत्रिव्ना, ऐका ना..."

"खा गं आधी. काडी झालीयेस नुसती. त्याला मी फोनवर बजावलं होतं, शूटिंगवाले आले की नीट कॅमेऱ्यात बघ. म्हणजे मी सिनेमा बघेन तेव्हा तू माझ्याकडेच बघत असशील. पण जन्मात माझं एक ऐकलं असेल तर शपथ."

ऐकलं होतं. दर वेळी ऐकलं होतं. टायर बदलताना, सूप पिताना मध्येच मान वळवून तो सरळ कॅमेऱ्यात बघायचा. माहितीपटात माणसाने कॅमेरा विसरायचा असतो. "हा गडी सगळा विचका करतोय," असं म्हणत यारिनाने त्याला एकेक शॉट करत पुरता काढून टाकला होता, आणि डिस्कवर जागा हवी म्हणून ते तुकडे पुसलेही होते. तेव्हा तो जिवंत होता. पुन्हा केव्हाही टिपता आला असता. आता तिला त्या नियमाची आणि स्वतःची किळस आली.

"ऐकलं होतं त्याने," ती कसंबसं म्हणाली.

"खरंच?" रायसा पेत्रिव्नाचा चेहरा असा उजळला की पुढचं सांगायचं सोडून यारिनाने पावाचा घास घेतला.

तेवढ्यात धोका टळल्याची सूचना झाली. माणसं सुटल्यासारखी उठली. तो टळू नये असं वाटणारी यारिना एकटीच होती.

रायसा पेत्रिव्नाने तिचा दंड धरला. "चल, माझ्याजवळच बस. मला हल्ली अंधुक दिसतं. तो आला की हळूच कोपर मार."