धरणाऱ्याचं वजन

“तीन किलोला दहा ग्रॅम कमी,” म्हणत प्रमोदिनीनं कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला.

न्हाणीत आडव्या लावायच्या स्टेनलेस स्टीलच्या पाइपाचं हे वजन. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा, पुन्हा जाडीनं गुणायचं, मग π, मग लांबी, मग पोलादाची घनता. भिंत जुन्या विटांची. तिला किती भार झेपेल, हा प्रश्न होता. वर्ध्याच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या बाईंना असे प्रश्न आवडत.

तिच्या सासऱ्यांनी, वासुदेवरावांनी, कागद डोळ्यांजवळ नेला. “हे तं पायपाचं झालं, बाई. अन् त्याले धरून उभं राह्यणाऱ्याचं?”

“कोणाला धरावं लागतंय एवढ्यात? ठणठणीत आहात तुम्ही, बाबा.”

“मंग काय टावेल वाळवाले लावून राह्यली?”

दोघंही हसली. मग ते आंघोळीला निघाले, भिंतीवर तळवा टेकत टेकत. मागून ती, टॉवेल घेऊन. रोजच्यासारखी. माणसं एकमेकांना कसा आधार देतात, यावर तिनं तीन भाषांतल्या कादंबऱ्या वाचल्या होत्या. पण टॉवेल दोन्ही हातांनी धरला की हात रिकामा राहत नाही आणि पुढे करावा लागत नाही, हा शोध तिचा स्वतःचा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे वासुदेवराव झोपेतच गेले.

तेरवी झाली. गुलाब फिटर पाइप घेऊन दारात आला.

“काट्यावर तीन किलोच भरला, म्याडम. तुमचा हिसाब बराबर होता, जी.”

अशा वेळीसुद्धा तिला बरं वाटलं. इतकं, की ते सांगायला ती बाबांच्या खुर्चीकडे वळलीही.

गुलाबनं मान खाली घातली. “लावू, का वापस नेऊ?”

“लाव.”

सिमेंट वाळल्यावर तो तपासायला आला. “लटकून पाहा, म्याडम. पुरा भार टाका.”

तिनं दोन्ही हातांनी पाइप धरला आणि अंग सोडून दिलं. पाइप हलला नाही. भिंतही नाही. हिशेबात कुठेच नसलेलं वजन दोघांनी मुकाट्यानं झेललं.

मग तिनं एक हात सोडला. तो रिकामा होता. गुलाब तिथेच उभा होता, तरी तिनं तो हात रिकाम्या दाराकडे पुढे केला.

“बाबा, हात द्या.”